बेवारस समुद्राचे वारस

माझ्या आजच्या बोलण्याचा विषय एक राजदूत आहे. कवीला राजदूताशी काय देणेघेणे, असे तुम्हाला वाटेल. पण या राजदूताने एका शब्दाच्या जोरावर जगातल्या बड्या बड्या राष्ट्रांना पंधरा वर्षे वाटाघाटीच्या टेबलाशी बसवून ठेवले. शब्दाची एवढी ताकद कवितेत तरी आम्हाला कुठे दिसते? म्हणून त्याची गोष्ट सांगावीशी वाटली.

त्याचे नाव आर्विड पार्दो, आणि देश माल्टा.

माल्टा हे नाव मी पहिल्यांदा मामूंच्या तोंडून ऐकले. आमच्या रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरच्या गावांतून घरटी एक माणूस बोटीवर असायचा. मामू सुएझ ओलांडून भूमध्य समुद्रात जाऊन आलेले. ते म्हणायचे, माल्टाचे लोक चर्चमध्ये जातात आणि देवाला 'अल्ला' म्हणतात. लहानपणी ही मला मामूंची थाप वाटायची. पुढे वाचनात आले की ते अगदी खरे आहे. माल्टाची भाषा अरबीच्या सिसिलीतल्या बोलीतून निघालेली, लिहिली मात्र रोमन लिपीत जाते. माणसे कॅथलिक, आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांना त्यांचा शब्द आहे 'रनदान'. म्हणजे आपला रमजानच तो. समुद्राला ते 'बाहर' म्हणतात, अरबीतल्या 'बह्र'वरून. गझलेच्या वृत्तालाही उर्दूत बह्रच म्हणतात. समुद्र आणि छंद यांना एकच शब्द असावा, हे ज्याने ठरवले त्याला माझा सलाम. असो, विषयाकडे येतो.

सिसिली आणि आफ्रिका यांच्या मधोमध असलेला हा देश ३१६ चौरस किलोमीटरचा. आपल्या बृहन्मुंबईच्या निम्म्याच्या आसपास. पार्दो राजदूत होते त्या काळात लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. शतकानुशतके ज्याचे आरमार मोठे त्याच्या ताब्यात हे बेट जायचे. शेवटचे मालक इंग्रज. २१ सप्टेंबर १९६४ रोजी माल्टा स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. आता न्यूयॉर्कला प्रतिनिधी म्हणून पाठवायचे कोणाला? नव्या देशाजवळ मुरलेले मुत्सद्दी असणार कुठून? ते काम पार्दोंकडे आले.

हे पार्दो माल्टाचे खरे, पण त्यांचे आयुष्य माल्टात गेलेले नव्हते. जन्म १९१४ साली रोममध्ये. वडील माल्टाचे, आई स्वीडनची. दोघेही मूल लहान असतानाच गेले. सांभाळ केला तो बेर्नार्दो आतोलिको नावाच्या इटालियन मुत्सद्द्याने. हे आतोलिको पुढे हिटलरच्या बर्लिनमध्ये इटलीचे राजदूत होते. म्हणजे मुलगा वाढला राजदूताच्या घरात. आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास रोमच्या विद्यापीठात केला. राजदूताच्या घरात वाढूनही हा तरुण मुसोलिनीच्या विरोधकांत सामील झाला, १९४० मध्ये पकडला गेला आणि युद्धाची बहुतेक वर्षे तुरुंगात राहिला. आधी इटलीच्या तुरुंगात, आणि इटली शरण गेल्यावर गेस्टापोच्या ताब्यात, जर्मनीत. युद्ध संपले तेव्हा वय एकतीस. आईवडील नाहीत, घर नाही, आणि ज्याला आपला म्हणावा असा देशही अजून नकाशावर यायचा होता.

संयुक्त राष्ट्रसंघाची तेव्हा नुकतीच स्थापना होत होती. पार्दोंना तिथे नोकरी मिळाली ती अभिलेखागारात, म्हणजे दप्तरखान्यात. मी स्वतः बी. ए. होऊन महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटलो, त्यामुळे दप्तरखान्यातल्या माणसाविषयी मला आपुलकी आहे. भाषण करणारे भाषण करून जातात. कोण काय म्हणाले, कुठल्या ठरावात कुठला शब्द घातला आणि कुठला गाळला, हे दप्तर सांभाळणाऱ्याला माहीत असते. पुढे विश्वस्त प्रदेशांच्या विभागात, मग नायजेरिया आणि इक्वेडोर या देशांत तांत्रिक साहाय्याच्या कामावर, अशी पार्दोंची जवळजवळ वीस वर्षे राष्ट्रसंघाच्या चाकरीत गेली. राजदूत म्हणून ते त्या इमारतीत शिरले तेव्हा तिथले सारे कोनेकोपरे त्यांना पाठ होते.

आता त्यांनी हाती घेतलेला प्रश्न काय होता, ते थोडे मागे जाऊन सांगतो.

समुद्र कोणाचा, हे भांडण जुने आहे. आपल्या किनाऱ्याला ते चांगले ठाऊक आहे. पोर्तुगीज गोव्यात आले आणि त्यांनी अरबी समुद्र आपल्या मालकीचा ठरवून टाकला. त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना घेतल्याशिवाय गलबत हाकारले तर ते जप्त. याच पोर्तुगीज मक्तेदारीच्या विरोधात डचांची बाजू मांडताना ह्यूगो ग्रोशियसने १६०९ मध्ये समुद्र सर्वांना मोकळा आहे, हा सिद्धांत मांडला. पुढची तीनशे वर्षे ढोबळमानाने तोच चालला. किनाऱ्यापासून तीन मैलांची पट्टी त्या त्या राजाची, पुढचा समुद्र कोणाचाच नाही. तळाचा विचार कोणी करत नव्हते, कारण तिथे जाता येत नव्हते.

२८ सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी जाहीर केले की, आमच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीतली, म्हणजे भूखंडमंचावरची खनिजे आमच्या अखत्यारीतली. कारण उघड होते, तेल. मग इतरांनीही तोच कित्ता गिरवला. १९५८ मध्ये जिनिव्हाला करार झाला आणि त्यात भूखंडमंचाची व्याख्या अशी केली: पाण्याची खोली दोनशे मीटर होईपर्यंतचा तळ, आणि त्याच्याही पुढे, जिथवर खनिज काढणे शक्य होईल तिथवरचा तळ.

हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा नीट वाचा. 'जिथवर शक्य होईल तिथवर.' ज्याच्याकडे यंत्र, त्याची हद्द पुढे. माझ्या शेताचा बांध माझ्या ट्रॅक्टरच्या ताकदीवर ठरणार असेल, तर शेजाऱ्याने करायचे काय? शेजारी गरीब असेल तर तुमचा बांध त्याच्या ओट्याला लागेल. कायद्याच्या मसुद्यात एवढे मोठे भोक राहून जाते, ते कधी चुकून तर कधी कोणाच्या तरी सोयीने. इथे कोणते झाले ते तुम्हीच ठरवा.

ज्या वस्तूसाठी हे सारे चालणार होते ती मी पाहिली आहे. गोव्यात एका कविसंमेलनाला गेलो होतो. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिच्याशी संबंधित एका स्नेह्याने मला ती दाखवली. काळपट, खरबरीत, बटाट्याएवढी गाठ. हातात घेतली तर भाजलेल्या रताळ्यासारखी दिसावी. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असे धातू तिच्यात असतात. चार ते सहा हजार मीटर खोल, मिट्ट काळोखात, समुद्राच्या तळावर अशा गाठी पसरलेल्या असतात. शार्क माशाचा एखादा दात किंवा शिंपल्याचा तुकडा तळाशी पडतो, आणि त्याच्याभोवती पाण्यातले धातू थरावर थर साचत जातात. किती वेगाने? दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. स्नेही हे सांगत होता आणि मला हातातली गाठ खाली ठेवायचा धीर होईना. 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत अशा गाठी पहिल्यांदा वर आणल्या. नव्वद वर्षे त्या संग्रहालयांत पडून होत्या. १९६० नंतर मात्र त्या फायदेशीरपणे काढता येतील, असे तज्ज्ञ म्हणू लागले, आणि जिनिव्हाच्या त्या वाक्याला एकदम अर्थ आला.

१७ ऑगस्ट १९६७ रोजी माल्टाने राष्ट्रसंघाला एक टिपण दिले. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ केवळ शांततेच्या कामासाठी राखून ठेवावा आणि तिथली संपत्ती मानवजातीच्या हितासाठी वापरावी, हा विषय सभेपुढे घ्यावा, अशी त्यात विनंती होती. हा एवढासा देश असला विषय काढतो म्हणजे यामागे कोण आहे, अशी कुजबुज सुरू झाली. काहींना त्यात एखाद्या बड्या राष्ट्राचा हात दिसला. लहान माणसाने मोठे बोलले की त्याला कोणीतरी पढवले असणार, हा संशय गावच्या पारापासून न्यूयॉर्कपर्यंत सारखाच.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी पार्दो बोलायला उभे राहिले. सकाळची बैठक संपली तरी भाषण संपले नव्हते; दुपारच्या बैठकीत ते पुढे चालले. बहुतेक भाग आकडे, धातूंची टक्केवारी, पाणबुड्या, तळावर बसवता येतील अशी अण्वस्त्रे, समुद्रात सोडला जाणारा किरणोत्सर्गी कचरा, असा रुक्ष. पण सुरुवातीला काही वाक्ये अशी आहेत की ती मुत्सद्द्याच्या कागदावर कशी उतरली याचे नवल वाटते. समुद्राच्या काळोख्या उदरातून जीवसृष्टी जन्मली, आणि त्या दूरच्या भूतकाळाची खूण आपण अजून अंगावर वागवतो, आपल्या रक्तात आणि आपल्या आसवांच्या खारट कडवटपणात, अशा आशयाचे ते बोलले. डोळ्यांतल्या पाण्याचा दाखला देऊन त्यांनी खनिजांचा कायदा मागितला. मला विचाराल तर ही युक्ती नव्हती. तुरुंगात इतकी वर्षे काढलेला माणूस आसवांची चव युक्ती म्हणून सांगत नाही.

आणि मग तो शब्द: मानवजातीचा सामाईक वारसा.

हा शब्द पार्दोंनी पहिल्यांदा उच्चारला असे नाही. समुद्राचा तळ हा सर्व माणसांचा वारसा आहे आणि राहिला पाहिजे, असे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन १९६६ मध्ये एका संशोधन जहाजाच्या समारंभात म्हणून गेले होते. पण समारंभात बोलणे वेगळे आणि तोच शब्द कायद्यात मागणे वेगळे. पार्दोंनी जॉन्सनसाहेबांचा शब्द उचलला आणि त्यावर सही मागितली.

त्यांनी 'मालमत्ता' हा शब्द जाणून टाळला होता. मालमत्ता म्हटले की मालकाला ती वापरण्याचा हक्क येतो, आणि तिची नासाडी करण्याचाही, असे त्यांचे म्हणणे. वारसा मात्र मागच्यांकडून येतो आणि पुढच्यांकडे द्यायचा असतो. वाटेत आपण फक्त सांभाळणारे. आता आपल्या मराठीकडे बघा. 'वारस' हा अरबीतून आलेला शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तलाठ्याकडे वारसनोंद करताना तो परका आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. त्यालाच फारसीतला 'बे' जोडला की होतो 'बेवारस'. जुन्या रोमन कायद्यातही हाच भेद आहे: कोणाचीच नाही ती वस्तू, आणि सगळ्यांची आहे ती वस्तू. पहिली सापडेल त्याची होते. पार्दोंपर्यंत समुद्राचा तळ व्यवहारात बेवारस मालासारखा होता, हाती लागेल त्याने न्यावा असा. पार्दोंनी त्या 'बे'वर बोट ठेवले. या मालाला वारस आहेत, आणि त्यातले बरेचसे अजून जन्मायचे आहेत, एवढेच ते म्हणाले.

महसूल खात्यात असताना हा भेद मला रोज दिसायचा. बेवारस जमीन आणि गायरान, शेजारी शेजारी असल्या तर डोळ्यांना सारख्याच दिसतात. कुंपण नाही, पीक नाही, चार गुरे चरताहेत. पण गायरान हे गावाच्या गुरांसाठी राखलेले असते. त्यात अमुक गुंठे माझे, ते तोडून द्या, असे कोणाला म्हणता येत नाही. सामाईक विहिरीचेही वाटप होत नाही, पाळ्या ठरतात. पार्दोंची योजना या जातीची होती. तळावर कोणी हक्क सांगायचा नाही, कारभारासाठी सगळ्यांची मिळून एक संस्था, फायद्यात गरीब देशांना आधी वाटा, शस्त्रे आणायची नाहीत, आणि पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक ठेवायचे. गायरानाचे पुढे काय होते हेही मी पाहिले आहे. त्याकडे येऊच.

काम चटकन पुढे सरकले. त्याच डिसेंबरात राष्ट्रसंघाने पस्तीस देशांची समिती नेमली. १९६९ मध्ये ठराव झाला की सर्वमान्य व्यवस्था होईपर्यंत तिथले खनिज कोणी काढू नये; बाजूने ६२, विरोधात २८, तटस्थ २८. विरोधात कोण होते ते सांगायला नको, ज्यांच्याकडे यंत्रे होती ते. १७ डिसेंबर १९७० रोजी समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा आहे, ही घोषणा आमसभेत मंजूर झाली. १०८ मते बाजूने, विरोधात एकही नाही, १४ तटस्थ. तळावर अण्वस्त्रे ठेवण्यास बंदी करणारा करार १९७१ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. त्या भाषणाला तेव्हा पुरती पाच वर्षेही झाली नव्हती.

याच १९७१ मध्ये माल्टात निवडणूक झाली, सरकार बदलले, डॉम मिंटॉफ पंतप्रधान झाले आणि पार्दोंचे राजदूतपद गेले. सरकार बदलल्यावर बदल्या होणे आपल्याला नवीन नाही. पण दोनच वर्षांनी, डिसेंबर १९७३ मध्ये, समुद्राच्या कायद्यावरची ती विराट परिषद सुरू झाली, १९७४ च्या उन्हाळ्यात काराकासला पहिले मोठे अधिवेशन भरले, आणि जिच्या मुळाशी या माणसाचे भाषण होते त्या परिषदेत देशाचा राजदूत म्हणून त्याची जागा नव्हती. पार्दो अमेरिकेत अभ्यासक झाले, आधी वॉशिंग्टनला आणि मग लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्राध्यापक. कल्पनेचा पाठपुरावा करणाऱ्यांत आघाडीवर होत्या एलिझाबेथ मान बोर्गेसे, जर्मन कादंबरीकार टॉमस मान यांच्या कन्या. त्यांनी १९७० मध्ये माल्टात समुद्रावरची मोठी परिषद भरवली आणि १९७२ मध्ये तिथेच आंतरराष्ट्रीय सागर संस्था काढली.

या साऱ्या प्रकरणात बेटांचा एक धागा आहे, तो मला फार आवडतो. परिषदेचे अध्यक्ष होते श्रीलंकेचे हॅमिल्टन शर्ली अमरसिंघे. त्यांच्याही देशात सरकार बदलले, त्यांचेही राजदूतपद गेले. पण १९७८ मध्ये परिषदेने मतदान करून ठरवले की अध्यक्ष हेच राहतील. कोणत्याही देशाचा प्रतिनिधी नसलेला माणूस दीडशे देशांच्या सभेच्या खुर्चीवर बसला! पार्दोंच्या वाट्याला हे आले नाही. अमरसिंघे १९८० च्या अखेरीस वारले, आणि मग अध्यक्ष झाले सिंगापूरचे टॉमी कोह, म्हणजे आणखी एक बेट. करारावर सह्या झाल्या १० डिसेंबर १९८२ रोजी जमैका बेटावर माँटेगो बे इथे, पहिल्याच दिवशी ११९. आणि त्याच दिवशी कराराला रीतसर मंजुरी देऊन टाकणारा पहिला देश होता फिजी.

करारात पार्दोंचा शब्द जसाच्या तसा आला. सामाईक वारसा सांभाळायला आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण स्थापन करायचे ठरले. त्याची कचेरी जमैकाची राजधानी किंग्स्टन इथे आहे. मग पार्दो खूश झाले असतील? नाही. आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याच कराराने प्रत्येक किनारी देशाला दोनशे सागरी मैलांचा अनन्य आर्थिक क्षेत्राचा पट्टा दिला. त्यातले मासे, तेल, खनिजे, सारे त्या देशाचे. भूखंडमंच त्याहून लांब असेल तर तळावरचा हक्क आणखी पुढे. समुद्रातले मासे आणि तेल कुठे असते? बहुतांशी किनाऱ्याजवळच. म्हणजे पार्दोंनी ज्या गायरानासाठी कागद केले, त्याचा चाऱ्याचा भाग आधी कडेकडेने वाटून घेतला आणि खडकाळ माळ तेवढा गावासाठी राखला. दोनशे मैलांची मर्यादा १९७१ मध्ये खुद्द पार्दोंच्या मसुद्यातही होती. पण तिच्या पलीकडचा सारा समुद्र, नुसता तळ नव्हे तर पाणी आणि मासेसुद्धा, एका सामाईक संस्थेच्या हाती असावा असे त्यांनी सुचवले होते. पहिला भाग सर्वांनी घेतला, दुसरा ठेवून दिला. सामाईक वारसा म्हणून आता मिट्ट काळोखातले काही कुरूप दगड उरले आहेत, अशा अर्थाचे पार्दोंचे उद्गार पुढे अनेकांनी सांगितले आहेत.

इथे माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. कारण या वाटपात आपल्यालाही मिळाले. करार व्हायच्या आधीच, १९७६ मध्ये, भारताने कायदा करून दोनशे मैलांचा पट्टा आपला केला, आणि वीस लाख चौरस किलोमीटरहून अधिक समुद्र भारताच्या हक्कात आला. आमच्या दालदी आणि कोळी मच्छीमारांना विचारा, परदेशी ट्रॉलर किनाऱ्याच्या किती जवळ यावा. ते काही मानवजातीच्या वारशाची गोष्ट करणार नाहीत. पट्टा नसता तर मोठ्या देशांच्या बोटींनी तो समुद्र खरवडून नेला असता. तेव्हा पार्दोंची हळहळ मला समजते, पण तिच्यात पूर्ण सामील होता येत नाही.

बड्यांना मात्र तो उरलेला माळही सोडवेना. ३० एप्रिल १९८२ च्या मतदानात १३० देश बाजूने होते, चार विरोधात, आणि त्या चारांत अमेरिका. रेगन यांच्या सरकारला सागरतळाचा भाग मान्य नव्हता. गयानाच्या साठाव्या मंजुरीनंतर १६ नोव्हेंबर १९९४ रोजी करार अमलात आला, पण त्याआधी जुलैमध्ये एक पुरवणी करार करून सागरतळाच्या कलमांतले पुष्कळसे दात काढून टाकले होते. गरीब देशांना तंत्रज्ञान देण्याची सक्ती गेली. एवढे करूनही अमेरिकेने मंजुरी दिली नाही ती नाहीच.

पैशाचे काय झाले? पार्दोंनी भाषणात हिशेब मांडला होता की १९७५ पर्यंत प्रस्तावित संस्थेला वर्षाला सहाशे कोटी डॉलर मिळतील आणि खर्च जाऊन पाचशे कोटी तरी गरीब देशांच्या विकासासाठी उरतील. १९७५ आले आणि गेले. सहाशे कोटी सोडा, संस्थाही जन्मली नव्हती. त्या काळी गाठींची हवा इतकी होती की १९७४ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने बुडालेली रशियन पाणबुडी चोरून वर काढण्यासाठी 'ग्लोमार एक्स्प्लोरर' हे प्रचंड जहाज पाठवले, तेव्हा जगाला सांगितले की हे जहाज मँगनीजच्या गाठी काढायला चालले आहे. लोकांना ते पटले!

भारताचा हिस्सा या गोष्टीत लहान नाही. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या त्याच संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून पहिल्या गाठी आणल्या. ऑगस्ट १९८७ मध्ये, माल्टाच्या टिपणाला बरोबर वीस वर्षे झाली त्या महिन्यात, अग्रणी गुंतवणूकदार म्हणून नोंद झालेला भारत हा जगातला पहिला देश ठरला. २००२ मध्ये किंग्स्टनच्या प्राधिकरणाशी शोधाचा करार झाला, आणि मध्य हिंदी महासागरातले ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्याकडे राहिले. शोधासाठी बरे का, मालकीने नव्हे. तो फरक कागदावर पार्दोंमुळे आहे.

पार्दो १९९९ मध्ये गेले. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना निकेल आणि कोबाल्ट लागते, म्हणून त्यांचे कुरूप दगड आता पुन्हा मोलाचे झाले आहेत. आणि यावेळी गोष्टीने मोठे चमत्कारिक वळण घेतले. जून २०२१ मध्ये प्राधिकरणाला नोटीस दिली गेली की, दोन वर्षांत उत्खननाचे नियम पुरे करा, आम्हाला अर्ज करायचा आहे. नोटीस दिली कोणी? नौरूने. एकवीस चौरस किलोमीटरचा देश. त्याच्या नावामागे परदेशी खाण कंपनी होती, पण अर्ज करण्याचा हक्क बेटाचा. एके काळी या नौरूची फॉस्फेटची जमीन परक्यांनी उकरून नेली आणि बेटाचा मधला भाग ओसाड झाला; आता तेच बेट दुसरी खाण मागते आहे. ते चूक म्हणायला मी धजत नाही. पोट भरलेल्याने दुसऱ्याला शिल्लक टाकायला सांगू नये. आणि दुसऱ्या बाजूला कोण? तेही बेटच. पलाऊने २०२२ मध्ये लिस्बनच्या सागर परिषदेत आघाडी उभी केली की तळाला तूर्त हात लावू नका. फिजी आणि सामोआही त्यात उतरले. त्या गाठींवर आणि गाठींभोवती असे जीव राहतात ज्यांना अजून नावेही दिलेली नाहीत, असे शास्त्रज्ञ सांगतात. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढलेली वस्तू एकदा उचलली की पुन्हा तिथे कधी येणार?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला की हद्दीपलीकडच्या तळावरही आपल्या देशाच्या कायद्याने परवाने द्यावेत, आणि लगोलग त्याच खाण कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेने तिथे अर्ज केला. किंग्स्टनला विचारायचे कारण नाही, आम्ही त्या करारात नाहीच, हा युक्तिवाद. म्हणजे १९५८ चे ते वाक्य परत आले, 'जिथवर शक्य होईल तिथवर'. त्याच वर्षी दुसरीकडे, खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीच्या रक्षणाचा २०२३ चा करार साठ देशांच्या मंजुरीचा टप्पा ओलांडून गेला, १९ सप्टेंबरला. तो अमलात येण्याची तारीख त्या हिशेबाने १७ जानेवारी २०२६ ठरली. त्याच्या तत्त्वांच्या यादीत पार्दोंचा शब्द आहे. वाटाघाटीत तो गाळावा असा आग्रह काही श्रीमंत देशांनी धरला होता, पण तो राहिला.